‘तो मुळातच तसा आहे’

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सहा-साडेसहाला जाऊन बसा. मुलं घसरगुंडीवर असतात आणि बाकांवर त्यांचे स्वभाव ठरत असतात. "आमचा ना, मुळातच हट्टी. आजोबांवर गेलाय." "तुझं बरं आहे बाई, ही एका जागी बसून रंगवत राहते. मुलींचं तसंच असतं म्हणा." "याला जरा बोलतं करायला पाहिजे हो, कुणी आलं की माझ्या ओढणीत तोंड लपवतो." दहा मिनिटांत तीन मुलांचा निकाल लागतो. वयं चार, पाच आणि साडेतीन.

ओढणीत तोंड लपवणारं ते साडेतीन वर्षांचं मूल मे महिन्यात गावी गेलं, की तिथली आजी शेजारणीला सांगते, "गुणाचं पोर आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मूल तेच, लपणंही तेच. ठाण्यात त्याची काळजी वाटते, गावात कौतुक होतं.

मुलाचा स्वभाव म्हणून आपण जे सांगतो, त्यातलं किती खरोखर मुलात असतं, किती आपल्या नजरेत असतं आणि किती आपणच रोज थोडं थोडं घडवत असतो, या प्रश्नावर मानसशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात कित्येक दशकं काम चाललंय. ते वाचून माझं एक मत झालंय, ते आधीच सांगून टाकते. मुलांकडून असलेल्या अपेक्षा आपण बोलून दाखवतो त्या थोड्याच. बाकीच्या दिनक्रमात मुरलेल्या असतात: कुणाच्या हातात काय काम देतो, कुणाला कुठवर जाऊ देतो, कुणासाठी थांबायला लावतो. मूल भाषणाने फारसं घडत नाही, या रोजच्या व्यवहाराने घडतं. पण तिथे पोचायच्या आधी पहिला प्रश्न येतो तो जन्माचा.

जन्माला येतानाचं सामान

दोन मुलं वाढवलेल्या कुठल्याही आईला विचारा, ती सांगेल की पहिल्या आठवड्यापासून दोघं वेगळी होती. ती खरंच सांगते. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये शंभरहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घ्यायला सुरुवात केली. झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीला मिळणारा प्रतिसाद, चिकाटी, चटकन बिथरणं अशा नऊ अंगांनी त्यांनी मुलं पाहिली. साधारण ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली जवळजवळ एक तृतीयांश मुलं कुठल्याच खणात नीट बसेनात. बाकावरच्या गप्पांत या तिसऱ्या हिश्श्याचा उल्लेख कधी होत नाही, कारण ‘कधी असा, कधी तसा’ हे काही सांगण्यासारखं वर्णन नव्हे.

हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर अनोळखी खेळणी हलवली, नवे आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. पुढे बुजरी होण्याची शक्यता याच बाळांत जास्त दिसली. शक्यताच फक्त. त्यातली बरीच मुलं मोठेपणी चारचौघांसारखी झाली.

म्हणजे कोरी पाटी घेऊन कुणी येत नाही. पण थॉमस आणि चेस यांचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा मुद्दा मेळाचा आहे. एखादं मूल ‘अवघड’ ठरतं ते त्याच्या स्वभावामुळे जेवढं, तेवढंच तो स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ न बसल्यामुळे. वेळापत्रकावर चालणाऱ्या घरात अनियमित झोपेचं बाळ डोकेदुखी ठरतं. जिथे बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असतंच आणि झोप आली की झोपतं, तिथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं, याचं एक उदाहरण केनियातलं आहे. मार्टेन डी व्रीस या संशोधकाने मसाई लोकांतली काही बाळं ‘सोपी’ आणि ‘अवघड’ अशी नोंदवली. १९७४ च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला. नंतर त्या कुटुंबांचा शोध घेतला तेव्हा सोपी, शांत बाळं जास्त दगावलेली आढळली आणि रडून घर डोक्यावर घेणारी जास्त वाचलेली. जो रडतो त्याला दूध मिळतं, असा त्यांचा अंदाज. बाळांची संख्या अगदी मूठभर होती, तेव्हा त्यावर सिद्धांताचे इमले बांधू नयेत. पण न्यूयॉर्कमध्ये ज्याला ‘अवघड’ म्हटलं, तेच दुष्काळात तारून नेणारं असू शकतं, एवढं दिसतं.

बारा वर्षांत बुजऱ्या मुलांचं काय झालं

मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकं वाटतं ते शांघायमधलं काम, म्हणून तिथे जरा रेंगाळते.

शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास शांघायच्या आणि कॅनडाच्या शाळकरी मुलांची तुलना केली. कॅनडात बुजऱ्या मुलांना सवंगडी टाळायचे. शांघायमध्ये नेमकं उलटं. तिथली बुजरी, जपून वागणारी मुलं वर्गाला आवडत होती, शिक्षक त्यांना समंजस समजत होते, जबाबदारीची कामं त्यांच्याकडे जात होती. तोवर बुजरेपणाकडे जन्मजात कमतरता म्हणून पाहायची सवय लागली होती. इथे मात्र तोच बुजरेपणा मुलाच्या पथ्यावर पडत होता.

खरी कलाटणी पुढे आहे. चेन यांनी त्याच शहरात १९९८ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये त्याच वयाची मुलं तपासली. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झालं होतं. २००२ मध्ये ते उलटलं: बुजऱ्या मुलांना मित्र टाळत होते, शाळेत अडचणी येत होत्या, मुलं उदास होती. मधल्या काळात चीनमध्ये बाजार खुला झाला, खासगी नोकऱ्या आल्या, स्पर्धा वाढली आणि पुढे होऊन बोलणाऱ्याचे दिवस आले. बारा वर्षांत माणसाचा जन्मजात पिंड काही बदलत नाही. बदललं ते शहराचं मागणं. मुलाच्या अंगी जो हळुवारपणा होता तो तसाच होता, फक्त त्याला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

पुढच्या एका अभ्यासात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. खेड्यातून शहरात आलेल्या कुटुंबांच्या मुलांत बुजरेपणा अजूनही चांगल्या जुळवणुकीशी जोडलेला होता आणि मूळ शहरी मुलांत अडचणींशी. देश एक, काळ एक, आणि तरी एकाच गुणाची दोन फळं.

हे वाचताना मला नवी मुंबई दिसते. कोपरखैरणे, घणसोलीत सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबं आहेत. पहिली पिढी मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहत उभी राहिली, दुसरी नोकरीला लागली, तिसरी इंग्रजी शाळेत. त्या घरातल्या सात वर्षांच्या नातवाने पाहुण्यांसमोर मान खाली घालून, विचारलं तेवढंच उत्तर दिलं, तर आजोबा म्हणतात, "मर्यादा आहे पोराला." दुसऱ्या दिवशी पालकसभेत मॅडम म्हणतात, "हुशार आहे, पण ओपन अप होत नाही. कॉन्फिडन्सवर काम करा." दोघंही त्याच मुलाच्या भल्याचंच बोलतायत. मुलाने मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा व्हायचं. पुष्कळ मुलांना ते जमतंही. मुलं याबाबतीत आपण समजतो त्याहून हुशार असतात. ज्याला जमत नाही त्याला आपण व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घालतो.

नौपाड्याच्या वाड्यांत आणि चाळींत वाढलेल्यांना आठवत असेल, मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालणाऱ्या मुलाला ‘आगाऊ’ म्हणत. आज शाळेत ‘शो अँड टेल’ला, म्हणजे वर्गासमोर एखादी वस्तू दाखवून बोलण्यात, तेच मूल पहिलं येतं. चेन यांना शांघायमध्ये जे बारा वर्षांत दिसलं, ते आपल्याकडे एका पिढीत झालंय. फक्त कुणी मोजत बसलं नाही.

आधी ठरवतो, मग दिसतं

आता नजरेकडे येऊ. १९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी दोनशेवर लोकांना एका नऊ महिन्यांच्या बाळाची फिल्म दाखवली. बाळासमोर एक डबी उघडते आणि आतून बाहुला टणकन उसळतो. बाळ दचकतं, मग रडतं. निम्म्या लोकांना सांगितलं होतं हा मुलगा आहे, निम्म्यांना ही मुलगी. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती. फिल्म एकच होती.

यात कुणी मुद्दाम भेदभाव केला नव्हता. ज्याला भीती दिसते तो बाळाला जवळ घेतो, ज्याला राग दिसतो तो म्हणतो, "बघ कसा चिडलाय लबाड!" आणि हसतो. दिवसातून पाच-सहा वेळा याप्रमाणे वर्षभर चाललं, तर मुलगा काय शिकतो आणि मुलगी काय शिकते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा प्रयोग न्यूयॉर्कमधला, २००० सालचा. कॅरन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना एक उतार दाखवला. त्याची चढण कमी-जास्त करता यायची. तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल, हे आईने त्यावर ठरवून दाखवायचं. मग बाळाला प्रत्यक्ष सोडून पाहिलं. मुलगे आणि मुली यांच्या क्षमतेत फरक नव्हता. पण मुलग्यांच्या आयांनी अंदाज वरचा दिला होता आणि मुलींच्या आयांनी खालचा. रोज चोवीस तास बाळाबरोबर असणारी आई, आणि तरी!

ठाण्यात तलावपाळीला मासुंदा तलावाच्या काठाने संध्याकाळी चालताना हा प्रयोग फुकटात पाहायला मिळतो. मध्यंतरी एक जुळी जोडी दिसली, दीड-पावणेदोन वर्षांची. कठड्याजवळच्या एकाच पायरीवर दोघं चढत होती. बाबा मुलाला म्हणाले, "चल, चल, चढ, शाब्बास रे!" आणि हात मागे घेतला. मुलीच्या वेळी दोन्ही हात आपोआप पुढे आले: "हळू बाळा, बाऊ होईल." मुलगी हाताला धरून चढली, मुलगा आपटला, उठला आणि पुन्हा चढला. या बाबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी मनापासून सांगितलं असतं, आमच्याकडे मुलगा-मुलगी असा फरक नाही. आणखी चार वर्षांनी ते हेही तितक्याच मनापासून सांगतील, की ती मुळातच जरा जपून असते आणि हा मुळातच धडपड्या.

शाळेतल्या शिक्क्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, आणि बहुधा अर्धीच. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा झेप घेतील. ही नावं चाचणीवरून निवडलेली नव्हतीच, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. वर्षअखेर त्यांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला आढळला. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. न सांगितली जाणारी उरलेली अर्धी गोष्ट अशी: वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही, मोजमापावर कडक टीका झाली, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांचा सूर असा की शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण सहसा लहानसाच. शिक्षकांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो, कारण ते मुलाला रोज पाहतात. परिणाम जास्त दिसतो तो आधीच कमी लेखल्या जाणाऱ्या गटांतल्या मुलांवर. ‘विश्वास ठेवा आणि मूल आइन्स्टाइन होईल’ असे फॉरवर्ड येतात, त्यांना यातून आधार मिळत नाही.

याहून चटका लावणारी आकडेवारी वयाची आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे ऑगस्टअखेर जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेलं सगळ्यात मोठं, जवळजवळ वर्षाचं अंतर. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा राज्यांतल्या ऑगस्टच्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांची अडचण) निदान होण्याचं प्रमाण सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघालं. जिथे ही तारीख लागू नव्हती तिथे हा फरक नव्हता. एडीएचडी ही खरी अडचण आहे. ती असलेल्या मुलाला वेळेवर मदत मिळाली तर त्याचं आयुष्य सुकर होतं, तेव्हा डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. पण पाच वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलासारखं बसावं ही अपेक्षा आहे, आणि ते बसत नाही तेव्हा ‘चंचल’ हा त्याचा स्वभाव होऊन बसतो. ऐरोलीच्या शाळेत मॅडमनी तक्रार केली तर पहिल्यांदा मुलाची जन्मतारीख आणि वर्गाच्या प्रवेशाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा.

त्यात पुन्हा जागेचा प्रश्न. वन बीएचके, खाली ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड, प्ले एरिया सातला बंद, खालच्या मजल्यावरच्या काकूंना पावलांचा आवाज होतो. या घरात उड्या मारणारं मूल ‘हायपर’ ठरतं. गावच्या अंगणात त्याच्यासाठी कुणाला शब्दच लागत नाही.

थांबणं: मोदकासाठी आणि भेटीसाठी

मुलाच्या मनोनिग्रहाची परीक्षा म्हणून प्रसिद्ध झालेला प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा, स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) समोर ठेवायचा आणि मुलाला सांगायचं: मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी झाली, असं कळल्यावर थांबणं हा मुलाच्या आतला एक पक्का गुण मानला गेला. २०१८ मध्ये जास्त मुलांवर पुन्हा तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच हा संबंध बराच ओसरला.

त्याच वर्षी बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या एन्सो शेतकरी कुटुंबांतल्या चार वर्षांच्या मुलांना त्यांच्या ओळखीचा, तळलेल्या गोड गोळ्यासारखा खाऊ देऊन हाच प्रयोग केला. सुमारे ७० टक्के मुलं थांबली. जर्मन मध्यमवर्गीय मुलांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली होतं. एन्सो घरांत लहानपणापासून मोठ्यांचं ऐकणं आणि भावना आवरणं शिकवलं जातं. यावरून ‘आफ्रिकी मुलं संयमी, जर्मन मुलं उतावळी’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. थांबा, पुढचा प्रयोग बघा.

२०२२ मध्ये जपानच्या क्योतोतली आणि अमेरिकेच्या बोल्डरमधली मुलं घेऊन एक नवी गंमत केली गेली. काही मुलांसमोर खाऊ ठेवला, काहींसमोर कागदात गुंडाळलेली भेट. खाऊसाठी जपानी मुलं सहज पूर्ण पंधरा मिनिटं थांबली आणि अमेरिकन मुलं चारेक मिनिटांत हरली. भेटीच्या बाबतीत बाजी उलटली: अमेरिकन मुलं थांबली, जपानी मुलांनी पुडकं फोडलं. कारण सवयीत आहे. जपानी घरांत आणि शाळांत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. अमेरिकेत नाताळच्या भेटी झाडाखाली दिवसेंदिवस पडून असतात आणि ठरल्या वेळेआधी उघडायच्या नसतात.

आपलं मूल यात कुठे बसेल? गणपतीत उकडीच्या मोदकांचा वास घरभर सुटलेला असतो, आरती लांबलेली असते, ‘घालीन लोटांगण’पर्यंत पोचायला अजून बराच अवकाश असतो, आणि चार वर्षांचं पोर टाळ वाजवत ताटाकडे बघत उभं असतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. तेच पोर वाढदिवसाच्या भेटीचा कागद पाहुणे दारात असतानाच टराटरा फाडतं. मग हे मूल संयमी की उतावळं? हा प्रश्नच चुकीचा बसतो. मोदकासमोर कसं थांबायचं ते त्याला ठाऊक आहे, पुडक्यासमोर थांबायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही.

हातातलं काम

संयम सवयीने येतो हे एकदा मान्य केलं, की पुढचं पाऊल आपसूक पडतं. चार्ल्स सुपर यांनी केनियातल्या कोक्वेत या गावात किप्सिगिस लोकांची बाळं पाहिली. ती युरोप-अमेरिकेतल्या बाळांपेक्षा लवकर बसत आणि लवकर चालत. आफ्रिकी बाळांची वाढच लवकर होते, असं आधी मानलं जाई. सुपर यांनी नीट पाहिलं तर घरचे बाळाला बसायला आणि चालायला शिकवत होते. जमिनीत उथळ खळगा करून, कडेने चादरी लावून बाळाला त्यात बसवत होते. रांगायला कुणी शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ही बाळं पुढे नव्हतीच. बसणं-चालणं इतकं शरीराचं वाटणारं कामसुद्धा घराच्या अपेक्षेनुसार मागेपुढे सरकतं.

ग्वाटेमालातल्या माया मुलांवरचा बार्बरा रोगॉफ आणि मारिसेला कोरेआ-चावेस यांचा प्रयोग तर प्रत्येक शिकवणीच्या भिंतीवर लावावा असा आहे. दोन भावंडांपैकी एकाला खेळणं बनवायला शिकवायचं, दुसऱ्याला नुसतं शेजारी बसवायचं. नंतर त्या नुसतं बसलेल्याला तेच खेळणं बनवायला दिलं. पारंपरिक माया घरांतली मुलं आपल्याला कुणी शिकवत नसतानाही टक लावून पाहत होती आणि त्यांना नंतर मदत कमी लागली. अमेरिकन मध्यमवर्गीय मुलं, आणि ज्यांच्या आया जास्त शिकलेल्या होत्या ती माया मुलंही, आपली पाळी नाही म्हटल्यावर इकडेतिकडे बघत होती. कामाच्या गराड्यात वाढलेलं मूल बघत शिकतं; ज्याला सगळं समोर बसवून शिकवलं जातं ते शिकवायची वाट बघतं. ‘याचं लक्षच नसतं’ म्हणताना हे आठवावं.

ठाण्याच्या मासळी बाजारात आईशेजारी फळीवर बसलेली दहा-अकरा वर्षांची पोर बघा. "चारशेचा वाटा. दोन घ्या, सातशेला देते. पाचशेची नोट आहे? मग दोनशे सुटे द्या." ओल्या हाताने नोट डब्यात जाते, हिशेब तोंडी. ही शाळेत ‘गणितात कच्ची’ असू शकते. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांनी विक्री करताना ९८ टक्के हिशेब बरोबर केले आणि तीच आकडेमोड कागदावर मांडून दिल्यावर ३७ टक्के.

आणि आता माझा आवडता अभ्यास, ज्याच्यासाठी एवढा वळसा घेतला. कॅरल एम्बर यांचा, केनियातल्या लुओ लोकांतला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. तिथे पाणी भरणं, स्वयंपाक, धाकट्या बाळाला सांभाळणं ही मुलींची कामं. पण ज्या घरात त्या वयाची मुलगी नाही तिथे काय करणार? मुलग्यालाच ती करावी लागत. कुठल्या मुलग्याला ही कामं करावी लागणार, हे त्याच्या मवाळपणावर ठरत नव्हतं, घरात बहीण आहे की नाही यावर ठरत होतं. म्हणूनच हा अभ्यास मोलाचा. ही कामं करणारे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक आणि कमी दादागिरी करणारे निघाले. घरकाम करत नसतानाही त्यांचं वागणं मुलींच्या वागण्याकडे झुकलेलं होतं. ‘मुलगे असेच असतात’ या वाक्यातली बरीच हवा त्या बहीण नसलेल्या घरांनी काढून घेतली.

आपल्याकडे कामवाटपाचा तक्ता कुणी भिंतीवर लावत नाही, पण तो सगळ्यांना पाठ असतो. पाहुणे आले की "बाळा, पाणी आण गं." कोथिंबीर संपली की "खाली जाऊन ये रे पटकन." दोन्ही कामंच आहेत, दोघांना सारखीच वाटून दिली असं समाधानही मिळतं. मुलीच्या वाट्याला समोरच्याला काय हवंय ते ओळखण्याचा सराव येतो, मुलाच्या वाट्याला जिना, लिफ्ट, वॉचमन काका आणि रस्ता. दहा वर्षं हा सराव झाला की ती ‘मुळातच समजूतदार’ आणि तो ‘मुळातच बिनधास्त’.

एम्बर यांच्या निष्कर्षातला एक बारकावा इथे उपयोगी पडतो. मुलग्यांच्या वागण्यात ठळक फरक दिसला तो घराच्या आतल्या कामांनी. बाहेरच्या कामांनी तेवढा नाही. तेव्हा मुलाला डीमार्टला पाठवून समानता आणली असं समजू नये. धाकटीला भरवणं, आजोबांच्या संध्याकाळच्या गोळ्या लक्षात ठेवून देणं, ओट्याशी उभं राहून कुकरच्या शिट्ट्या मोजणं, कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे असं जिथे रोज जाणवतं ती ही कामं. मुलीला उलट खाली पाठवावं: दळण टाकायला, इस्त्रीवाल्याशी हिशेब करायला, रिक्षावाल्याला "मीटरने चला" म्हणायला.

पालकसभेतही थोडा बदल करता येतो. मॅडम म्हणाल्या, "फार शांत आहे", तर "हो ना, पहिल्यापासूनच तसा" म्हणून मान डोलावण्याऐवजी विचारावं, कुठल्या तासाला? कुणाशेजारी बसल्यावर? डबा खाताना बोलतो का? मैदानावर? उत्तरं वेगवेगळी आली तर आपण स्वभावाबद्दल बोलत नसून जागेबद्दल बोलतोय, आणि जागा बदलता येते.

घरात मात्र खरी कसोटी पहिल्या पंधरवड्यात लागते. दादा धाकटीला भरवायला बसला की वरण फ्रॉकवर सांडणार, लसूण सालीसकट वाटीत पडणार, ऑफिसातून थकून आलेल्या आईला वाटणार की यापेक्षा मीच केलं असतं तर लवकर झालं असतं. आणि सोफ्यावरून आजी म्हणणारच, "अगं, मुलग्याला कसली ही कामं?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लसणाची परडी तिच्या आणि नातवाच्या मध्ये ठेवावी, आणि साल पटकन कशी काढायची ते तिलाच त्याला दाखवायला सांगावं.